दिवसातून आठ वेळा हरिचंद

हिंगोलीकडून वाशिमला निघालात की कनेरगाव नाक्यावर एक फ्लेक्स बॅनरचं दुकान लागतं. दुकान दहा बाय बाराचं, आणि त्याच्यावरचा बोर्ड वीस बाय आठचा. यावरून मालक कसा असेल ते शहाण्याने ओळखावं. बोर्डावर नाव आहे 'हरिचंद फोटो अँड फ्लेक्स'. हरिचंदबापू राठोड हा पलीकडच्या तांड्यातला माणूस. गळ्यात कॅमेरा अडकवून तीस वर्षं तांडोतांडी हिंडला, पाच तालुक्यांतली लग्नं टिपली आणि हे दुकान उभं केलं. दोन वर्षांमागे बापू वारला. दुकान पोराकडे, प्रेमदासकडे आलं. प्रेमदासने त्यात एकाच गोष्टीची भर घातली, ती म्हणजे स्वतःच्या पोटाची.

बापूचा जुना कॉम्प्युटर प्रेमदासने वायर काढून वरच्या फळीवर ठेवला. शेजारी बापूचा फोटो, आणि दोघांना मिळून एकच हार. खाली टेबलावर नवा कॉम्प्युटर. मागच्या खोलीत देव्हाऱ्याखाली एक काळा डबा, डालड्याच्या डब्याएवढा. सगळे फोटो त्या डब्याच्या पोटात. नव्या कॉम्प्युटरला कुणाचं तोंड पाहिजे असलं की त्याने वायरीतून डब्याकडे मागायचं, डब्याने ते द्यायचं, असा सगळा कारभार.

कारभार बरा चालायचा, लाइट जाईपर्यंत. लाइट गेली की इन्व्हर्टर वाचवायला कॉम्प्युटर झोपवायचा, हा प्रेमदासचा कायदा. बंद करायचा नाही, कारण बंद केलेला उघडायला वेळ लागतो. चालू ठेवायचा नाही, कारण इन्व्हर्टर म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकतो. म्हणून झोपवायचा. आमच्याकडे लाइट दिवसातून सात-आठ वेळा जाते, तेव्हा हे यंत्र तान्ह्या लेकरापेक्षा जास्त वेळा झोपायचं. उठायचं चटकन. पडद्यावर उजेड यायचा, सगळं हसरं दिसायचं. पण डब्यातलं काही मागितलं की वरच्या बाजूला एक हिरवी रेघ दोन बोटं सरकायची आणि रुसून बसायची.

किती वेळ, म्हणून विचारता? ग्यानोबाने पोराच्या लग्नाचा बॅनर सांगितला होता. डबा उघडेपर्यंत हळद लागली, लग्न झालं, वरात फिरली. नवरदेवाचा फोटो सापडला तेव्हा ग्यानोबा म्हणाला, "आता शुभविवाह खोडा आन् बारसं लिवा." ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने त्या लेकराला विचारावं. ते आता अंगणवाडीत जातं.

घड्याळ लावून बसणाऱ्या अरसिकांसाठी सांगतो, चार मिनिटं. पण दर वेळी चार मिनिटं, आणि दिवाळीच्या तोंडावर दुकानात आठ गिऱ्हाइकं उभी.

मला म्हणाल तर या चार मिनिटांची काहीच तकलीफ नव्हती. दुकानाबाहेर बाक आहे. गिऱ्हाईक अडकलेलं, चहा सांगितलेला, आणि अडकलेल्या माणसाला गोष्ट लागतेच. उठून जाऊ न शकणारा श्रोता उभ्या जन्मात मला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता, बायकोसुद्धा नाही.

तकलीफ होती शिलाला. शिला म्हणजे दुकानातली ऑपरेटर, त्याच तांड्यातली सून. तिचा नवरा सेवा दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो. मागल्या वर्षी तीही गेली आणि तिची पोरगी सृष्टी दुसरीचा वर्ग अर्धा टाकून बरोबर गेली. पाच महिन्यांनी परत आली तेव्हा पोरीला मोळी बांधता येत होती आणि जोडाक्षरं येत नव्हती. शिलाने मनाशी ठरवलं, आता नाही. उन्हाळ्यात तिने ही खुर्ची धरली. खुर्ची राहिली तर ती आणि पोरगी इथे राहणार. खुर्ची गेली तर दोघी ट्रॅक्टरवर.

आणि खुर्चीवर डोळा होता रणजीतचा. रणजीत प्रेमदासचा मेहुणा. त्याला कॉम्प्युटरमधलं एवढंच येत होतं की त्याच्यापुढच्या खुर्चीवर बसून गोल फिरता येतं. पण बायकोचा भाऊ म्हटल्यावर एवढं शिक्षण पुष्कळ झालं.

प्रेमदासने हिंगोलीहून इंजिनियर बोलावला. प्रमोद त्याचं नाव. इंजिनियर म्हणजे टी-शर्टच्या पाठीवर तसं छापलेलं होतं. पहिल्यांदा आला तेव्हा निळी वायर काढून पिवळी घातली. दुसऱ्यांदा आला तेव्हा डबा देव्हाऱ्याखालून काढून फ्रीजवर ठेवला आणि म्हणाला, "खाली हवा लागत नव्हती." म्हणजे तो डबा नसून बाळंतीण असावी. तिसऱ्यांदा आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने शिलाकडे बोट केलं.

"यंत्रात दोष न्हाई, भाऊ. हाताळणीत दोष हाय. मॅडम लई घाईत उठवतात त्याला."

"कसं उठवावं मंग?" शिलाने विचारलं. "भूपाळी म्हणू का?"

मी हसलो. प्रेमदास हसला नाही. ज्याला दोष पकडायचा कंटाळा असतो त्याला दोषी माणूस लई आवडतो.

"हे बघ शिला," तो म्हणाला, "भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रॅक्टर येऊन राहिला. तवर मशीन सुधरलं तर खुर्ची तुझी. न्हाई तर रणजीत बसंल. मंग माझ्यावर बोल लावायचा न्हाई."

"दादा, मशीन तुमचं, इंजिनियर तुमचा, लाइट सरकारची. माझं काय हाय याच्यात?"

"घाई," प्रमोद म्हणाला, आणि बॅग उचलून चहा प्यायला गेला.

धनत्रयोदशीला शिला माझ्या बाकापाशी आली.

"व्यंकटकाका, तुमी बसूनच राहता ना?"

"बसण्यासारखं मोठं काम न्हाई, पोरी."

"मंग मागं डब्यापाशी बसा. त्याच्यावर एक हिरवा दिवा हाय. मी मशीन उठवते. दिवा लुकलुकला की आवाज द्या."

मी फ्रीजसमोर पाटावर बसलो. लाइट गेली, आली. बाहेरून शिला ओरडली, "उठवलं!" मी डब्याकडे बघतोय आणि डबा माझ्याकडे बघतोय. दिवा लागलेला, पण हलत नव्हता. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. फ्रीजमधल्या वांग्याला सुरकुती पडली. तेवढ्यात शिला आत आली आणि तिने आपल्या मोबाइलवर काहीतरी दाबलं. लगेच दिवा लुकलुकला आणि मोबाइलवर कुणातरी नवरीचा फोटो आला, पापणी लवायच्या आत.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "डबा जागाच हाय. मोबाइलनं मागितलं की देऊन राहिला. मशीनच त्याला मागायला येईना."

"मंग मशीन कुठं गेलं?"

तिने मला टेबलापाशी नेलं. पडद्यावर नावांची एक उतरंड होती. डब्याचं नाव दुसरं. पहिलं नाव 'हरिचंद', त्याच्यावर लाल फुली. बापू असताना नवा कॉम्प्युटर त्याच्या कॉम्प्युटरमधून फोटो घ्यायचा, त्या वेळचं ते नाव. बापू गेला, त्याचं यंत्र हाराखाली गेलं, नाव तिथंच राहिलं.

"हे झोपेतून उठलं की आधी बापूला हाक मारतं," शिला म्हणाली. "बापूचं मशीन तर फळीवर. जबाब कोण देणार? हे थांबतं, परत हाक मारतं, परत थांबतं. थकलं की मंग डब्याकडं येतं. मी आत्ता बापूला वगळून डब्याचा आकडी पत्ता सरळ लिवून पाह्यला. बराबर उघडलं."

"मंग रोज तसंच लिव."

"लिवते की. पण ज्या बॅनरांना आधीच फोटो जोडून ठेवलेत ना, ते उघडले की मशीन आपल्या जुन्या रस्त्यानंच जातं. ते नाव काढल्याबिगर भागणार न्हाई, काका. आन् दादा नावाला हात लावू देईना. काहून देईना, देव जाणे."

देव जाणत असेल नसेल, मी जाणत होतो. इथे मला थोडा घसा खाकरावा लागतो.

दोन वर्षांमागे हा डबा आला तेव्हा बसवणाऱ्या पोराने प्रेमदासला विचारलं होतं, वडिलांचं नाव काढू का? प्रेमदास चुळबुळ करत होता. मी बाकावर होतो आणि चहाला उशीर होत होता. रिकामं तोंड वाईट. मी म्हणालो, "काढा की. हट्ट्याला एकानं काढलं होतं." मग काय झालं, प्रेमदासने विचारलं. आता कुणी 'मग काय झालं' म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस मी नव्हे. सांगितलं की हट्टा गावच्या त्या फोटोवाल्याने मेलेल्या बापाचं नाव यंत्रातून पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून छापलेल्या प्रत्येक बॅनरवर बापाचं तोंड यायला लागलं. नवरदेवाला बापाचं तोंड, नवरीला बापाचं तोंड, सरपंचाला बापाचं तोंड. बाजारात विकायला काढलेल्या शेळीचा फोटो काढला, तर शेळीला बापाची मिशी. गिऱ्हाइकांनी मारलं त्याला. प्रेमदासने त्याच घडीला बापूच्या नावापुढे हात जोडले आणि जाहीर केलं की नाव जिथं आहे तिथंच राहील, आणि पहिलंच राहील.

दोन वर्षं तो रोज सकाळी त्या लाल फुलीला नमस्कार करत होता. मला मजा वाटायची. आपण टाकलेलं बी इतक्या भिकार जमिनीत इतकं जोमानं उगवलेलं पाहून कुणाला बरं वाटणार नाही? पण त्या दिवशी शिला पडद्याकडे बघत म्हणाली, "सृष्टी कालच विचारून राहिली होती, दप्तर बांधू का भांडे बांधू," आणि मला चहा गोड लागेना.

मी प्रेमदासला बाजूला घेतलं.

"प्रेमदास, ती हट्ट्याची गोष्ट खोटी हाय. मीच रचलेली."

त्याने माझं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं.

"काका, तुमी आता खोटं बोलून राहिले."

"अरे, तवा खोटं बोललो होतो. आता खरं बोलतोय."

"तवा तुमच्या तोंडावर खरं दिसत होतं. आता तुमचं तोंड चोरावानी दिसून राहिलं. शिलानं चहा पाजला का तुमाला?"

सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी बहुतेक हे पहिलंच खरं बोललो असेन, आणि त्याची ही किंमत. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात याचं मला कधी नवल वाटलं नाही. पण खरं ऐकल्यावर त्यांना जो संशय येतो, त्याची मात्र चीड येते.

शिलाने वाद घातला नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती तांड्यावर गेली आणि येताना रुख्मिणीबाईला घेऊन आली. रुख्मिणीबाई म्हणजे हरिचंदबापूची बायको, प्रेमदासची आई. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि या याडीला प्रेमदाससकट सगळा तांडा टरकतो. ती काठी टेकत आली, गिऱ्हाइकांना काठीनेच बाजूला केलं आणि शिलाच्या शेजारी स्टुलावर बसली. दुकानात एका पुढाऱ्याचे चेले उभे होते. त्यांचा दिवाळीचा बॅनर होता, एक पुढारी आणि खाली चाळीस शुभेच्छुक. चाळीस तोंडं, सगळी डब्यात.

"झोपव त्याला," रुख्मिणीबाई म्हणाली.

शिलाने झोपवलं.

"आता उठव."

उजेड आला. शिलाने बॅनर उघडला. हिरवी रेघ दोन बोटं सरकली आणि बसली.

"आता काय करून राहिलं हे?"

"बापूला हाक मारून राहिलं, याडी."

"आला का?"

"न्हाई."

"मंग आता?"

"थांबून राहिलं. येतील म्हून."

म्हातारीने फळीवरच्या हाराकडे पाहिलं. "जिता होता तवा पाच हाका मारल्याबिगर जेवायला आला न्हाई. आता मेल्यावर एका हाकेत येतो काय!"

चेले हसले. प्रेमदास आतून धावत आला. "याडी, गिऱ्हाईक हाय."

"असू दे. दिवसातून किती वेळा हाक मारतं हे?"

"लाइट जाईल तितक्या वेळा," शिला म्हणाली. "सात, आठ."

"आठ वेळा?" म्हातारीचा आवाज चढला. "प्रेमदास, इकडं ये. दिवाळीला धबुकार करतो का न्हाई आपण? निखारा करतो, तूप टाकतो, लापशीचा घास टाकतो, मंग तुझ्या बापाचं नाव घेतो. वर्षातून एकदा. एवढं देऊन एकदा. आन् तू त्याला रोज आठ वेळा बोलावून राहिला? कशाला? यांचे थोबाडं शोधायला?" काठी चेल्यांकडे वळली. चेले हसायचे थांबले. "हातात ना तूप, ना गूळ. आलाच बिचारा, तर त्याच्या तोंडात काय घालशील? वायर?"

"याडी, पण नाव पुसलं तर... हट्ट्याला..." प्रेमदासने माझ्याकडे बघितलं. मी रस्त्यावरच्या एका कुत्र्याचं निरीक्षण करत होतो.

"काय हट्ट्याला?"

"सगळ्या फोटोंत बापूचं तोंड येईल म्हणे."

"तुझ्या थोबाडावर बापाचंच तोंड हाय. त्यानं काय दुकान बुडालं? आन् नाव कोण पुसून राहिलं? बोर्डावर हाय, तुझ्या नावामागं हाय. हे कोणी सांगितलं तुला हट्ट्याचं?"

"व्यंकटकाकांनी."

म्हातारी वळली. "व्यंकटराव, खरं का हे?"

"खोटं हाय, वहिनी."

"मला ठावंच होतं," ती म्हणाली. मी खरं बोललोय हे मानणारी जगात एकच बाई निघाली, आणि तीही मला खोटारडा ठरवून. "शिला, काय करायचं असतं याला?"

"त्या नावावर दाबायचं आन् डिस्कनेक्ट करायचं."

"म्हंजे?"

शिलाने फळीवरच्या फोटोकडे बघितलं. "म्हंजे त्याला मोकळं करायचं, याडी."

म्हातारीने हात पुढे केला. शिलाने तो माऊसवर ठेवून वर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून दाबलं. 'हरिचंद' हे नाव यादीतून गेलं आणि डब्याचं नाव एक पायरी वर आलं. म्हातारीने पदराने माऊस पुसला आणि हात मागे घेतला. चेल्यांपैकी एकाने टोपी काढली होती, ती त्याला परत घालायची सुचेना.

मग शिलाने यंत्र झोपवलं आणि उठवलं. मला शिंक येत होती. शिंक पुरी व्हायच्या आत चाळीसही शुभेच्छुक पडद्यावर हजर, दात काढून.

"खुर्ची हिची," रुख्मिणीबाई उठताना म्हणाली.

"याडी, रणजीतला मी शब्द दिला..."

"मंग शब्दावर बसव त्याला. खुर्ची हिची."

संध्याकाळपर्यंत प्रेमदास येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की ते जुनं नावच घोटाळा करतंय हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. प्रमोदने फोन करून कळवलं की पिवळ्या वायरीला रुळायला थोडे दिवस लागतातच. रणजीत दोन दिवस रुसला आणि मग नाक्यावर मोबाइल रिचार्जच्या दुकानात जाऊन बसला. तिथली खुर्चीही गोल फिरते.

दिवाळीला मला तांड्यावर जेवायचं बोलावणं होतं. प्रेमदासने निखाऱ्यावर तूप टाकलं, बापूचं नाव घेतलं आणि जाळ हातभर वर उठला. रुख्मिणीबाई शेजारणीला म्हणाली, "बघ, एका हाकेत आला." यातलं मी काही वाढवलेलं नाही. जाळ खरंच हातभर होता.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर नाक्यावर थांबला. मागे दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, भांडी, कोंबड्या, लेकरं. सेवा कोयता मांडीखाली घेऊन कडेला बसला होता. मुकादमाने विचारलं, "बायको कुठंय रे?" सेवाने दुकानाकडे बोट दाखवलं. सृष्टी दप्तर अडकवून त्या ट्रॉलीपाशी उभी होती आणि बापाला काहीतरी बजावत होती.

दुकानात नुकतीच लाइट आली होती. शिलाने यंत्र उठवलं. जुने दिवस असते तर तिला हक्काची चार मिनिटं मिळाली असती. बाहेर येऊन नवऱ्याला दोन शब्द सांगून परत आली असती तरी रेघ तिथंच बसलेली सापडली असती. पण आता डबा फटकन उघडला, बॅनर समोर आला आणि गिऱ्हाईक म्हणालं, "हां ताई, नाव मोठं करा."

शिला उठली.

"अगं, उघडलं ना! कुठं चालली?" प्रेमदास म्हणाला.

"मशीनला म्हणा, थांब जरा," ती म्हणाली. "एवढे दिवस आपण थांबलो त्याच्यासाठी."

ती पायऱ्या उतरून ट्रॉलीपाशी गेली. प्रेमदासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं. दोघं माझ्यापुढे अडकलेले होते आणि पुरते अडकलेले होते. मी बाकावर सरकून जागा केली.

"बसा," मी म्हणालो. "हट्ट्याला एक शेळी होती."

पण माझं लक्ष गोष्टीत नव्हतं. शेळीला मिशी आहे हे सांगायचं मी त्या दिवशी विसरलो.